राहिलेली साखर

इरम्माच्या जिभेला हाड नाही, असं आमच्या गल्लीत सगळे म्हणायचे आणि म्हणताना हसायचे. मीही हसायचो. अशा बाईला लोक एरवी चार हात लांब ठेवतात. इरम्माला मात्र लग्नसराई लागली की आसपासच्या गावांहून बोलावणी यायची, आणि बोलावणारे नारळ घेऊन यायचे.

कारण इरम्मा विहिणीची गाणी गायची. आमच्या नळदुर्गच्या बाजूला ही रीत अजून थोडीफार टिकून आहे. अक्षता पडल्या, पंगती बसल्या की नवरीकडच्या बाया नवऱ्या मुलाच्या आईला मधोमध बसवतात आणि गाण्यातून तिची टर उडवतात. तिचं नाक, तिची चाल, तिचं घर, तिचा नवरा, काही म्हणजे काही सोडत नाहीत. तिनं रागवायचं नसतं. हसत हसत घास खायचा असतो. मग तिच्या बाजूची एखादी उठते आणि उलट जबाब देते. शेवटी गाणारीनं विहिणीच्या तोंडात आपल्या हातानं साखर घालायची, विहिणीनं गाणारीच्या. "मांडवातलं मांडवात," असं दोघींनी म्हणायचं आणि उठायचं. साखर तोंडात पडली की बोललेलं सगळं पुसलं गेलं, असा हिशेब. आता डीजेपुढं कुणाला कुणाचं ऐकू येत नाही, पण इरम्मा उभी राहिली की लोक डीजे बंद करायला लावायचे, हे मी स्वतः पाहिलंय.

तिची आणि माझ्या घराची भिंत एक. पहाटेपासून त्या भिंतीपलीकडून भाकरी थापल्याचा आवाज येतो. तिचा धंदा कडक भाकरीचा. ज्वारीची पातळ भाकरी, वर तीळ, आणि चुलीच्या धगीला उभी करून पापडासारखी वाळवलेली. हायवेवरचे तीन ढाबे तिच्याकडून भाकरी नेतात. तिचे यजमान शिवलिंगप्पा त्या भाकरींचे गठ्ठे बांधून सायकलवरून पोचवायचे. ते फारसे बोलत नसत. कुणी विचारलं तर म्हणायचे, "माझ्या वाटचं बी तीच बोलती की." एकुलती एक लेक महेश्वरी. घरात निम्मं कानडी, निम्मं मराठी. महेश्वरी वडिलांना 'बापू' आणि आईला 'अव्वा' म्हणायची, आईला अगं-तुगं करायची. भांडायची, रुसायची, आणि रुसली की भिंतीच्या या बाजूला येऊन आमच्याकडं जेवायची.

मी हायस्कूलला इंग्रजी शिकवतो. एकतीस वर्षं झाली. पोरांना इंग्रजी येत नाही हे मला मान्य आहे, पण मला शिकवता येत नाही असं मी कुणाला म्हणू देत नाही. म्हणजे देत नव्हतो. आता जे सांगणार आहे त्यानंतर म्हणालं कुणी, तर गप्प बसेन.

महेश्वरी नववीत माझ्या वर्गात होती. धड्यात 'टॉन्ट' हा शब्द आला. माझी पद्धत ठरलेली: आधी शब्द, मग अर्थ, मग वाक्यात उपयोग. अर्थ सांगितला, 'टोमणा मारणे, थट्टा करणे'. वाक्य कुणालाच सुचेना. मग मीच फळ्यावर लिहीत म्हणालो, "अरे सोपं आहे. आपली इरम्मा लग्नात काय करते? इरम्मा विहिणीला टॉन्ट मारते." वर्ग हसून हसून लोळला. पहिल्या बाकावर बसलेली महेश्वरी सगळ्यात जास्त हसली. आईचं नाव इंग्रजीच्या तासाला फळ्यावर आलं याचा तिला केवढा अभिमान वाटला होता! संध्याकाळी इरम्मा दहा कडक भाकरी आणि शेंगाची चटणी घेऊन दारात उभी.

"मास्तर, मला इंग्रजीत घातलं म्हणं तुमी."

"घातलं, अक्का. आता साहेबसुद्धा घाबरतील तुम्हाला."

"घाबरू द्या की मेल्यांना," म्हणाली आणि इतकी हसली की चटणी सांडली.

एकदा मी तिला विचारलं होतं, एवढं बोलता, कुणी कधी दुखावत नाही का? तेव्हा ती गंभीर झाली. गाण्याबद्दल बोलताना ती नेहमी गंभीर व्हायची. म्हणाली, "मास्तर, ह्याचा एक नेम हाय. खोटंच गायचं. बाई काटकुळी असली तर तिला जाडी म्हणायचं. घर भरलेलं असलं तर भिकारी म्हणायचं. खोट्याला माणूस हसतंय. खरं गायलं की ती शिवी व्हती." म्हणून कुठलंही बोलावणं आलं की ती आधी विहिणीची बारीक चौकशी करायची. कुणाचं मूल गेलेलं आहे, कुणाचा भाऊ वेडा आहे, कुणाचा संसार फाटका आहे. कशाला हात लावायचा नाही ते आधी ठरवायची, मग गाणं जुळवायची. तीस-बत्तीस वर्षांत तिच्या गाण्यानं कुणी रडलं नव्हतं.

चौकशी केली नाही ती फक्त एका लग्नात. स्वतःच्या लेकीच्या.

महेश्वरी बारावी झाली तशी तिला उमरग्याच्या पुढच्या एका गावातलं स्थळ आलं. मुलगा बसवेश, एका दुकानात कामाला, सरळ पोरगा. वडील नव्हते. आई शरणम्मा. मध्यस्थानं सांगितलं होतं, घर खाऊनपिऊन सुखी, कोठार भरलेलं. शरणम्मा बघायला आली तेव्हा गळ्यात बोरमाळ होती, अंगावर इरकल होतं. इरम्मानं विश्वास ठेवला. लेकीच्या लग्नाची धावपळ, तिथं विहिणीची गुपितं कोण काढत बसणार? शिवाय स्वतःच्या विहिणीची चौकशी करणं तिला बरं दिसेना.

लग्नात शरणम्मा भरजरी शालू नेसून आली. पंगत बसली. आमच्या गल्लीतल्या बाया इरम्माला ओढायला लागल्या. ती आधी नको नको म्हणाली, मग पदर खोचून उभी राहिली. स्वतःच्या लेकीच्या मांडवात गायला कुणाला आवडणार नाही? मी वाढायला होतो, हातात बुंदीचं ताट होतं. तिनं शरणम्माकडं बघून सूर लावला:

"विहीण आली मांडवात, पदर मिरवी जरीचा,
घरी जाऊन बघा गं बायांनो, डबा रिकामा जवारीचा!"

मांडव हसला. मीही हसलो. पण वऱ्हाडातल्या बायांचं हसणं वेगळं होतं. त्या एकमेकींना कोपरानं ढोसत होत्या. शरणम्माच्या शेजारी तिची जाऊ बसली होती, ती तर तोंडाला पदर लावून खाली वाकली. इरम्माला वाटलं गाणं जमलं. तिनं ते पुन्हा म्हटलं, मग तिसऱ्यांदा. शरणम्मानं हातातला घास ताटात ठेवला. तिच्या बाजूनं जबाब द्यायला कुणीही उठलं नाही.

तरीही साखर होती. साखरेनं कदाचित निभावलं असतं. वाटी भरून तयार होती, इरम्माच्या बहिणीच्या हातात होती. पण वऱ्हाडाच्या जीपवाल्याला दुसरं भाडं होतं, तो हॉर्न वाजवायला लागला. नवरीला उठवा, उठवा, अशी एकच घाई झाली. महेश्वरीनं आईच्या गळ्यात पडून हंबरडा फोडला आणि इरम्मा विहीण विसरली, गाणं विसरली, साखर विसरली. दुसऱ्या दिवशी सकाळी मांडव सोडताना ती वाटी खुर्चीखाली सापडली. मुंग्या लागल्या होत्या. इरम्मानं ती झटकून टाकली आणि म्हणाली, "आता घालू की पंचमीला. विहीण कुठं पळून चालली?"

त्या पहिल्या नागपंचमीला महेश्वरी माहेरी आली, पण एकटीच, आणि दोन दिवसांतच गेली. पुढच्या वर्षी पंचमीच्या आधी तिचा फोन आला. तेव्हा फोन बसवेशचा असायचा आणि बोलताना सासू शेजारी बसलेली असायची. इकडचं-तिकडचं बोलून झाल्यावर महेश्वरी आईला म्हणाली, "अव्वा, मला इथं रोज टॉन्ट मारतेत. टॉन्ट. सरांना विचार म्हंजे काय."

लेक हुशार होती. सासूला कळू नये म्हणून तिनं माझा शब्द वापरला होता. आईला कळणार नाही हेही तिला माहीत होतं, म्हणून मला मध्ये घातलं होतं. एवढ्या विश्वासानं माझ्याकडं पाठवलेला शब्द, आणि मी काय केलं? मी घटक चाचणीचे पेपर तपासत बसलो होतो. इरम्मा दारात आली, घाबरलेली. शब्द तोंडात घट्ट धरून आणावा तसा आणला होता तिनं.

"मास्तर, टॉन्ट मारतेत म्हंजे काय वो? काठीनं मारतेत का?"

मी वरही न बघता म्हणालो, "अहो अक्का, काठी कसली? टॉन्ट म्हणजे टोमणा. थट्टा. तुम्ही लग्नात मारता ना, तेच ते."

तिचा जीव भांड्यात पडला. "हात्तिच्या! एवढंच व्हय?" आणि ती हसली. तिथंच, माझ्यासमोर तिनं फोन लावला आणि लेकीला म्हणाली, "अगं महे, एवढंच व्हय? ती विहीण हाय, बोलणारच की. हसून सोडून दे. अव्वाची लेक ना तू?"

पलीकडून महेश्वरी काय म्हणाली ते मला ऐकू आलं नाही. इरम्मा म्हणाली, "ठेवला वाटतं." मी पुढचा पेपर ओढला. किती मार्क दिले ते आठवत नाही, पण तो पेपर निळ्या शाईचा होता हे आठवतंय. माणसाला नको ते आठवतं.

त्या पंचमीला महेश्वरी आली नाही. त्याच्या पुढच्याही नाही. कधी लेकराचा ताप, कधी सासूचं दुखणं, कधी नुसतंच "जमत न्हाय." फोन महिन्याला एक झाला, मग सणाला एक. तक्रार मात्र पुन्हा कधीच नाही. इरम्मा मला अभिमानानं सांगायची, "रुळली बघा लेक. आता टॉन्टबिन्ट काय न्हाय." करोनात शिवलिंगप्पा गेले तेव्हा महेश्वरी आली. तीन दिवस भिंतीला टेकून बसली. आईच्या कुशीत गेली नाही. जाताना मला "येते सर" म्हणाली आणि आईला, "येते, तब्येत सांभाळा." 'सांभाळा' म्हणाली. इरम्माच्या ते लक्षात आलं नाही. माझ्या आलं, पण मी बोललो नाही. बोलायचं तेव्हा न बोलण्यात मी पटाईत आहे.

इरम्मा गातच राहिली. जरीचा पदर आणि जवारीचा डबा हे तिचं सगळ्यात गाजलेलं गाणं झालं. फर्माईश व्हायची. कुणीतरी मोबाइलवर घेतलं आणि ते गावोगाव फिरलं.

यंदाच्या वैशाखात अणदूरला एक लग्न होतं. आम्ही घरचेही गेलो होतो. इरम्मानं तेच गाणं लावलं, पहिली ओळ झाली, आणि पंगतीतली एक म्हातारी हात धुऊन पुढं आली.

"हे गाणं तुमीच केलंय व्हय, बाई?"

"म्याच की," इरम्मा हसून म्हणाली.

"मग लई पाप केलंय."

ती म्हातारी शरणम्माच्या गावची होती. तिनं सगळ्यांदेखत सांगितलं. नवरा गेल्यावर शरणम्माच्या दिरानं चूल वेगळी केली. पाऊस नसलेल्या वर्षात ती दिवेलागणीला पदराआड डबा घेऊन जावेच्या दारात जायची, ज्वारी मागायला. जाऊ मुद्दाम ओसरीवर चार बायांसमोर मोजून घालायची. लग्नातला शालूही त्या जावेचाच होता, एका दिवसापुरता मागून आणलेला. सगळ्या गावाला ठाऊक होतं, पण तोंडावर कुणी काढत नव्हतं. इरम्मानं ते गाण्यात घातलं. वऱ्हाड परत पोचायच्या आधी गाणं गावात पोचलं. पोरं शरणम्माला 'डबेवाली' म्हणायला लागली. आजतागायत म्हणतात.

"आन तिनं तरी काय करावं?" म्हातारी म्हणाली. "रोज सुनेला वाढताना आधी डबा वाजवती. 'जेव बाई, डबा भरलेला हाय आमचा.' दर जेवणाला. अकरा वरसं झाली. ती पोर मान खाली घालून खाती. आता शरणम्माला वारा गेलाय अंगावरनं, वाचा बसलीय. तवा कुठं तो डबा वाजायचा थांबला."

इरम्मा उभी होती तिथंच खाली बसली. दुसरी ओळ तिनं म्हटली नाही. नंतर कुठल्याच लग्नात कुठलीच ओळ म्हटली नाही.

दुसऱ्या दिवशी ती माझ्याकडं आली. बसली नाही. म्हणाली, "मास्तर, तुमचं ते जाडं पुस्तक काढा. त्या शब्दाचा अर्थ नीट वाचून सांगा. पुस्तकात हाय तसाच सांगा."

मी शब्दकोश काढला. चष्मा लावला. वाचून मराठीत सांगितलं, "एखाद्याला चिडवण्यासाठी, त्याचं मन दुखवण्यासाठी, त्याच्या वर्मावर बोट ठेवून टोचून बोलणे."

"टोचून," ती म्हणाली. "दुखवण्यासाठी."

"हो."

"मग हे तवा का न्हाय सांगितलं?"

तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मला बरं वाटलं असतं. मी शब्दकोश मिटला. मला अर्थ माहीत होता. वर्षानुवर्षं पोरांना सांगत होतो. उठून पुस्तक काढायचा कंटाळा केला, एवढंच झालं, आणि एका पोरीची इतकी वर्षं गेली.

"म्या साखर घालून येते," इरम्मा म्हणाली. "राहिलेली हाय. मग माझी लेक पंचमीला यील. तुमी चला संगं."

आषाढात आम्ही एसटीनं गेलो. तिनं नवी वाटी घेतली होती, स्टीलची, झाकणाची. ती वाटी तिनं नळदुर्गपासून उमरग्यापर्यंत मांडीवर धरली होती. शरणम्माचं घर दोन खोल्यांचं. बसवेश कामावर, पोरं शाळेत. महेश्वरीनं दार उघडलं. तिच्या केसांत पांढरं दिसायला लागलं होतं. "या," म्हणाली, पाणी दिलं आणि आत गेली.

शरणम्मा बाजेवर होती. उजवी बाजू गेलेली, तोंड एका अंगाला ओढलेलं. पण डोळे लख्ख. इरम्माला बघून ते डोळे हललेच नाहीत. इरम्मा बाजेशेजारी जमिनीवर बसली, हात जोडले.

"विहीणबाई, मला ठावं नव्हतं वो. देवाशप्पत ठावं नव्हतं. खोटं समजून गायले म्या. माझी साखर ऱ्हायली व्हती त्या दिवशी. आता घ्या."

तिनं वाटीचं झाकण काढलं आणि चिमूटभर साखर पुढं केली. शरणम्मा बराच वेळ तिच्याकडं बघत राहिली. मला वाटलं, थुंकेल. मग तिनं तोंड उघडलं. साखर आत गेली, निम्मी लुळ्या बाजूनं हनुवटीवर आली. इरम्मानं ती पदरानं पुसली. शरणम्मानं डावा हात कसाबसा उचलला, वाटीत बुडवला, आणि इरम्माच्या ओठांशी आणला. इरम्मा त्या बोटांसकट साखर तोंडात घेऊन रडली. शरणम्माच्या डोळ्यांतूनही पाणी आलं. "मांडवातलं मांडवात," इरम्मा दोघींच्या वतीनं म्हणाली. मीही डोळे पुसले. झालं, मिटलं असं मला वाटलं.

"महे, बगितलंस?" इरम्मा आतल्या खोलीकडं बघून म्हणाली. तिचा चेहरा धुतल्यासारखा झाला होता. "आता पंचमीला यायचं. झोका बांधते बग लिंबाला. दिंडं करते पुरणाची, तुला आवडतेत तशी."

महेश्वरीनं दोन ताटं मांडली. आम्ही बसलो. ती ज्वारीच्या डब्यापाशी गेली. भाकरी डब्यात नव्हती, टोपलीत होती. तरी ती डब्यापाशी गेली आणि बोटांच्या सांध्यांनी त्यावर दोनदा वाजवलं.

"जेवा अव्वा," ती म्हणाली. "डबा भरलेला हाय आमचा."

इरम्मा हसली. जन्मभराची सवय ती. टोमणा आला की हसायचं, पंगतीतला नेमच तसा. तिचं ते हसू चेहऱ्यावर आलं आणि तिथंच अडकून राहिलं. महेश्वरी हसत नव्हती. बाजेवर शरणम्मानं डोळे मिटून घेतले.

मग महेश्वरी माझ्याकडं वळली. "सर," नववीत उभी राहायची तशी सरळ उभी होती ती, "वाक्यात उपयोग बरोबर हाय का?"

मी हातातला घास ताटात ठेवला.

"त्यांचं मला काय वाटत न्हाय आता," ती सासूकडं बघून म्हणाली, अगदी शांतपणे. "त्या दुखावलेल्या व्हत्या. अव्वा, तुमाला म्या सांगितलं, तवा तुमी हसलात. एवढंच व्हय, म्हणालात. म्या फोन ठेवला आन मोरीत जाऊन बसले. त्या दिवसापास्नं मला कुणाला सांगावं वाटलं न्हाय. बापू गेले तवा बी न्हाय."

"महे, मला शब्द कळला न्हवता गं..."

"शब्द न्हवता कळला. माझा आवाज बी कळला न्हाय का?"

इरम्मानं वाटीकडं हात नेला. साखर अजून होती वाटीत. तिनं चिमूट उचललीही, पण महेश्वरी तोवर पाण्याचा तांब्या घ्यायला वळली होती. त्या चिमटीतली साखर इरम्मानं पुन्हा वाटीत सोडली. आम्ही ताटातलं संपवलं. अन्न टाकायचं नाही म्हणून संपवलं.

परतीच्या एसटीत ती खिडकीकडं तोंड करून बसली होती. जळकोट आलं तेव्हा म्हणाली, "मास्तर, आधी लेकीपुढं धरायला पायजे व्हती वाटी." मी हूं म्हणालो. मला याहून शहाणं काही सुचलं नाही, आणि सुचलं असतं तरी मी आता कुणाला काही शिकवायच्या लायकीचा राहिलो नव्हतो.

पंचमीला तवा चुलीवर चढत नाही, म्हणून त्या दिवशी भिंतीपलीकडून थापण्याचा आवाज आला नाही. इरम्मानं लिंबाला झोका बांधला. दिंडं उकडली. वाटी उंबऱ्यावर ठेवली, मुंग्या लागू नयेत म्हणून परातीत पाणी घालून त्यात ठेवली. प्रत्येक एसटीच्या वेळेला ती कोपऱ्यापर्यंत जाऊन येत होती. गल्लीतल्या पोरींनी झोका घ्यायला मागितला, तर म्हणाली, "थांबा गं, तिला पयला घिऊ द्या."

दिवस कलला तेव्हा माझा फोन वाजला. महेश्वरी. आईला नव्हे, मला.

"सर, ती जेवली का?"

"नाही, पोरी. तुझी वाट बघतेय."

मग म्हणाली, "जेवायला सांगा तिला." आणि ठेवला.

'तिला' म्हणाली. मी चप्पल न घालताच पलीकडं धावलो आणि इरम्माला जसंच्या तसं सांगितलं. एक अक्षर इकडं-तिकडं केलं नाही. ती उंबऱ्यावर बसली होती. तिनं माझ्याकडं मान वर करून पाहिलं. तिच्याइतकं टोमण्यातलं कळणारं माणूस आमच्या तालुक्यात नव्हतं.

"मास्तर," तिनं विचारलं, "हे मायेनं म्हणाली, का टॉन्ट मारला?"

मी महेश्वरीचा आवाज आठवून पाहिला. पुन्हा आठवून पाहिला.

"मला नाही सांगता येत, अक्का," मी म्हणालो.

तिनं मान हलवली. मग आत गेली, एक दिंड ताटलीत घेतलं, आणि लेकीनं सांगितलंय म्हणून तिथंच उभ्यानं खाल्लं.